माणसाएवढा दीपक

गेल्या महिन्यात माझ्या जागेवर आलेल्या ऑपरेटरचा फोन आला. कामसू माणूस आहे, नीट विचारून करणारा. म्हणाला, "काका, हॉलमध्ये रंगकाम काढलंय. फरशीवर या लाल टेपच्या पट्ट्या कसल्या आहेत? काढून टाकू का?" मी म्हटलं, "थोडं थांब, सांगतो." पण हे फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं. तेव्हा लिहून सांगावं असं ठरवलं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीचे मजेदार अनुभव मागितले होते. हा मजेदार नाही, आधीच सांगून ठेवतो.

बारामतीतल्या आमच्या विद्यापीठाच्या आवारात मी दृक्-श्राव्य तंत्रसहायक होतो. हे पदाचं नाव घरात कुणाला धड उच्चारता आलं नाही. सोयरिकीत कुणी विचारलं की बायको "विद्यापीठात असतात" एवढं सांगून चहाचं बघायला आत निघून जायची. काम साधंच होतं. कुणाचं भाषण असलं की माइक लावायचा, पदवीदानाला स्पीकर तपासायचे, आणि शनिवारी संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा. सिनेमा फुकट. विद्यार्थ्यांनाच नाही, कुणालाही. शिपायापासून शेतकऱ्यापर्यंत कुणीही यावं आणि बसावं.

सुरुवातीला पत्रकावर वेळ छापलेली असायची. त्या वेळेला हॉलमध्ये चार प्राध्यापक आणि मी. सिनेमा अर्ध्यावर आला की दार ढकलून गावाकडची माणसं यायची, हातातले रिकामे कॅन खडखडत. पडद्यावर कुणी मरत असायचं आणि इकडं कॅन पायरीवरनं गडगडत खाली जायचा. शेवटी आमच्या विभागप्रमुख मॅडमनी पत्रकातली वेळ काढून टाकली. सिनेमा कधी सुरू होणार, या प्रश्नाला मग एकच उत्तर झालं: डेअरीला दूध घालून झालं की. दाराबाहेर कॅनची रांग लागली की मी दिवे घालवायचो.

इंदापूरहून एक तात्या यायचे. एसटीनं यायचे आणि मागच्या दाराजवळची खुर्ची धरायचे. सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं उठली, तरी हे बसलेलेच. एकदा मी विचारलं, "तात्या, काही राहिलं का?"

"आज बी काय इकलं न्हाय तुमी?"

"काय विकायचं?"

"फुकट दावत्यात म्हंजी शेवटाला कायतरी इकत्यात. खत न्हायतर औषध, न्हायतर पलाट. आमच्याकडं आसंच आस्तंय."

मी सांगितलं, इथं काही विकत नाहीत. तात्या विचारात पडले. "मंग तुमाला काय मिळतं ह्यातनं?" विक्री कधीतरी होईलच या संशयानं तात्या पुढं कित्येक वर्षं नेमानं येत राहिले, आणि सिनेमा बघून रडायलाही लागले.

या कामाबद्दल दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, भरल्या हॉलमध्ये तो माणसांच्या कपड्यांत मुरतो. म्हणून लोक येतील तसा आवाज वाढवत न्यायचा असतो. दुसरी गोष्ट चित्राची. आमचा प्रोजेक्टर छताला टांगलेला नव्हता. हॉल रक्तदानालाही लागायचा आणि हळदीकुंकवालाही, म्हणून तो चाकांच्या गाड्यावर होता. पडदा म्हणजे रंगमंचाची मागची भिंत, खालपासून वरपर्यंत पांढरी रंगवलेली. गाडा मागं नेला की चित्र मोठं, भिंतीकडं ढकलला की लहान. हातातल्या बॅटरीच्या उजेडाचं होतं तसंच.

एका वर्षी आमच्या पत्रकारितेच्या मुलांनी दुधावर छोटी फिल्म केली. शूटिंगला ती शेळगावला गेली. पहाटेचा धूर, म्हशी, डेअरीचा काटा, आणि दुधाचे कॅन उचलून टेम्पोत टाकणारा एक उंच, सडपातळ पोरगा. तो कॅन टाकतो, हात पँटला पुसतो, वळतो, आणि त्याला कॅमेरा दिसतो. मग हसून म्हणतो, "शूटिंग हाय व्हय? आदी सांगायचं न्हाय का, भांग तरी पाडला आस्ता! चला, सरका, उशीर हुतोय." आणि टेम्पोत चढून निघून जातो. एवढंच.

त्याचं नाव दीपक. फिल्म पहिल्यांदा दाखवली तेव्हा अख्खी शेळगावची मंडळी टेम्पोतूनच आली होती, आणि टेम्पो अर्थात त्याचाच. पडद्यावर तो वळला तेव्हा दोस्तांनी शिट्ट्या मारून हॉल डोक्यावर घेतला. दीपकनं मान गुडघ्यात घातली. शेजारी त्याची आई हौसाबाई होती. ती तोंडाला पदर लावून एवढी हसत होती की तिच्या खुर्चीचा पाय वाजत होता. नवरा लवकर गेलेला, लेक सुनीता पणदऱ्याला दिलेली, घरात ही दोघंच. त्या वर्षी त्याच्यासाठी मुलगी बघणं चाललं होतं. बाहेर पडताना मला म्हणाली, "भाऊ, आता स्थळ आलं की फोटू कशाला, हितंच घिऊन येतो दावायला!"

त्याच हिवाळ्यात तो गेला. दूध घेऊन इंदापूरकडं निघाला होता. दाट धुकं होतं आणि रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. टेम्पोचा पुढचा भाग राहिला नाही, खिशातला फोन आणि त्यातले फोटोही राहिले नाहीत. मला हे पेपरातून कळलं. हॉलमध्ये बसून मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली.

काही महिन्यांनी एका शनिवारी हौसाबाई एकटीच आली. हॉलमध्ये अजून कुणी नव्हतं. मी तिला ओळखलं, खुर्ची पुढं केली. ती म्हणाली, "भाऊ, तो दुधाचा सिनेमा परत लावता का?"

मी म्हटलं, "मावशी, लावतो की. आणि तुमच्या फोनवरही घालून देतो, म्हणजे घरी कधीही बघता येईल."

फोन सुनीतानं दिलेला होता. मी त्यात ती फिल्म घातली आणि लावून दिली. तिनं एकदा बघितली आणि फोन पदरात गुंडाळला. "ह्यात त्यो बोटायवडा हाय," ती म्हणाली. "आवाज बी डबीतनं आल्यावानी येतोय."

म्हणून मी मोठ्या पडद्यावर लावली. दीपक वळला. आमच्या भिंतीवर तो दोन मजल्यांएवढा झाला होता. हौसाबाईनं वर बघितलं आणि मान खाली घातली. "लई मोटा झाला. मंडळातल्या गणपतीवानी. माजा वाटत न्हाय." मग अगदी सहज विचारलं, "माणसायवडा करता यील का वो?"

सगळ्या नोकरीत मला लोकांनी चित्र मोठं करायला सांगितलं होतं. मंत्र्यांच्या माणसांनी सांगितलं, नाटकवाल्यांनी सांगितलं. माणसाएवढं करा, असं कुणी म्हटलं नव्हतं. मी गाडा पुढं ढकलत निघालो. चित्र लहान होत गेलं आणि दीपक भिंतीवरून खाली उतरत उतरत रंगमंचाच्या फळ्यांवर येऊन उभा राहिला. मी चित्र तिथंच थांबवलं आणि विचारलं, "केवढा होता?"

"मी त्येच्या खांद्याला लागायची."

ती रंगमंचावर चढली आणि त्याच्या शेजारी, जरा बाजूला उभी राहिली. समोर उभं राहिलं की आपलीच सावली चित्रावर पडते, हे तिला मी सांगितलं होतं. मी गाडा बोटभर पुढं, बोटभर मागं करत होतो आणि ती मान न वळवता, नुसत्या अंदाजानं सांगत होती, "आनी जरा. आनी. बास." तिचा अंबाडा बरोबर त्याच्या खांद्याला लागला. मग मी फिल्म पुढं चालू केली. "चला, सरका, उशीर हुतोय," दीपक म्हणाला. हौसाबाई हळूच म्हणाली, "सावकास जा रं." गाड्याच्या पुढच्या चाकाशी मी फरशीवर लाल टेपची पट्टी चिकटवली. ती पहिली पट्टी.

तेव्हापासून महिन्यातून एखाद्या शनिवारी ती यायची. आधी मी हॉल रिकामा असताना हे उरकायचो. पण तिची एसटी उशिरा यायला लागली आणि लोक तर आधीच येऊन बसलेले असायचे. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "कार्यक्रमात ते छापू नका, पण थांबवूही नका." मग तो रिवाजच पडला. कॅनची रांग लागली, माणसं बसली, की आधी हौसाबाई रंगमंचावर चढणार, दीपक तिच्या शेजारी उभा राहणार, बोलणार, जाणार. मग सिनेमा. नव्या माणसाला शेजारचा कानात सांगायचा, "तिचा पोरगा हाय." हॉलमध्ये कुणी खोकायचंसुद्धा नाही. इंदापूरचे तात्या त्या वेळेपुरती टोपी काढून मांडीवर ठेवायचे. "सावकास जा रं" म्हणून झालं की ती खाली उतरून पहिल्या रांगेत बसायची आणि पुढचा सिनेमा कसलाही असला तरी शेवटपर्यंत बघायची. मुक्कामाला पणदऱ्याचे जावई न्यायला येत.

एकदा पत्रकारितेच्या मुलांनी मिळून काहीतरी केलं. त्यात ऋतुजा नावाची मुलगी पुढं होती, मूळ फिल्मचं संकलन तिनंच केलं होतं. मुलांना हौसाबाईबद्दल फार वाटायचं. एवढा थोडाच वेळ दिसतो बिचारीला, म्हणून त्यांनी तो तुकडा वाढवला. म्हणजे दीपकची हालचाल संथ केली, मागं बासरी घातली. टेम्पोच्या इंजिनाचा आवाज फार खरखरत होता, म्हणून तो पुसला आणि त्याबरोबर दीपकचं बोलणंही पुसलं गेलं. दुःख दाखवायचं म्हणजे असंच, हे त्यांना वर्गात शिकवलेलं होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं होतं. ऋतुजा मला म्हणाली, "काका, आज आमचं लावा. आजींना सरप्राइज."

मी लावलं. बासरी सुरू झाली. दीपकचा हात पाण्यातून वर यावा तसा सावकाश वर आला, कॅन तरंगत टेम्पोत गेला, मान इंच इंच वळली, ओठ हलले. हौसाबाई त्याच्याकडं बघत उभी होती. मग तिनं प्रेक्षकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ह्यो कोन हाय?"

मी चित्र थांबवलं.

"माजा दीपक आसा चालत न्हवता. त्येला कवाच दम नसायचा. जेवताना बी आर्दा उटलेला आसायचा. आन त्यो गप का हाय? त्येला गप कुनी केलं?"

ऋतुजा उठून रंगमंचाशी गेली आणि रडायलाच लागली. हौसाबाई खाली वाकली आणि तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "रडू नगं बाळा. तुमाला त्यो ठावं न्हवता, म्हून झालं." मी जुना तुकडा शोधून लावला. इंजिन खरखरलं, कॅन धाडकन आदळला, दीपक घाईनं बोलला आणि गेला. हौसाबाईच्या चेहऱ्यावर ओळख परत आली. "आता कसं," ती म्हणाली.

अशी वर्षं गेली. एका शनिवारी ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, आज जरा मोटा झालाय वो." मी खाली बघितलं. चाक पट्टीला टेकलेलं होतं, केसाचाही फरक नव्हता. मी वर बघितलं. तिचा अंबाडा त्याच्या खांद्याला नव्हता, खाली दंडावर आला होता. दीपक होता तेवढाच होता. हौसाबाई वाकली होती.

मी गाड्याला हात लावून उभा राहिलो. हॉल भरलेला होता. "मावशी, तो तेवढाच आहे, तुम्हीच वाकलाय," हे मी त्या सगळ्यांसमोर कसं म्हणणार? आणि एकटी असती तरी कसं म्हणणार? मी गाडा टीचभर पुढं ढकलला. दीपक किंचित लहान झाला. "आता?" मी विचारलं. "हां, आता बराबर." सिनेमा सुटल्यावर मी दुसरी पट्टी लावली.

मग तिसरी लागली, चौथी लागली. प्रत्येक पट्टी रंगमंचाच्या जरा जवळ. आईला तिचं म्हातारपण दाखवायचं की तिच्या तरण्या पोराला थोडा थोडा कमी करत जायचं, यातलं मी दुसरं करत होतो. ते माझ्या जिवावर यायचं. उंचापुरा पोरगा होता तो, आणि माझ्या हातानं तो माझ्याएवढा झाला, मग माझ्याहून बुटका झाला. घरी जाताना गाडीवर मला भरून यायचं आणि मी हेल्मेटची काच खाली ओढायचो.

मग ती यायची थांबली. एके दिवशी सुनीताचा पणदऱ्याहून फोन आला. आई परसात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. शेळगावलाच होती, उठवत नव्हतं, खाणं सुटत चाललं होतं. "काका, तुमचंच नाव घेतीया. म्हनती, पडदावाल्या भावाला एकडाव बलव."

मॅडमनी विभागाचा लहान प्रोजेक्टर दिला. दुपारी लाइट आहे ना, हे फोन करून विचारलं आणि मी निघालो. हौसाबाईचं घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. ती आतल्या खोलीत खाटेवर होती, एवढीशी झालेली. मला बघून म्हणाली, "आणला का त्येला?"

सुनीतानं खिडकीला घोंगडं लावलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मी उतरवलं. खोली लहान होती. खाटेपाशी स्टूल ठेवून मी दीपकला शेवटच्या पट्टीच्या मापानं उभा केला, त्याहूनही थोडा लहान, कारण आता ती निजलेली होती. हिशेब मी वाटेतच करून ठेवला होता.

हौसाबाई बघत राहिली. "सुनी, मला बसव," ती म्हणाली. सुनीतानं पाठीला उशा लावून तिला बसवलं.

"भाऊ, तुमी त्येला बारीक करत आलाय."

मी स्टुलाकडं बघितलं.

"मला कळत हुतं. पयल्यांदा न्हाय कळलं, मागनं कळलं. तुमी माज्यासाटी करत हुता, म्हून बोलले न्हाय. पन मी वाकले म्हून त्यानं कशापायी बारकं व्हायाचं?" तिला धाप लागली. थांबून म्हणाली, "हाय तेवडा दावा."

मी स्टूल उचललं. मागं सरकवत सरकवत उंबऱ्याबाहेर नेलं, बाहेरच्या खोलीत, पार कडेला. चित्र खोलीभर पसरलं. टेम्पो कपाटावर गेला, म्हशी दारावर गेल्या, दुधाचे कॅन मांडणीतल्या डब्यांवर पडले. आणि मधल्या भिंतीवर दीपक उभा राहिला, जमिनीपासून वर पत्र्याच्या जवळपर्यंत. कॅलेंडरचा खिळा त्याच्या शर्टाच्या खिशावर आला होता. पहिल्या पट्टीचं ते माप माझ्या नजरेत होतं, कधी गेलंच नव्हतं.

हौसाबाईनं मान वर केली. त्या मानेनं वर बघायला तिला किती त्रास होत होता ते दिसत होतं, पण तिनं ती खाली घेतली नाही.

"उंच हुता माजा दीपक," ती म्हणाली.

मी फिल्म सोडली. कॅन आदळला, त्यानं हात पँटला पुसला, वळला, हसला. शूटिंगचं म्हणाला, भांगाचं म्हणाला. "चला, सरका, उशीर हुतोय."

सुनीता आणि मी दोघंही "सावकास जा रं" ऐकायला थांबलो होतो. ते आलं नाही.

"आले रं," हौसाबाई म्हणाली. "आलेच."

त्याच आठवड्यात ती गेली. शनिवारी कॅनची रांग लागली, माणसं बसली. ती बरेच शनिवार आली नव्हती, तरी सवयीनं सगळा हॉल गप्प झाला आणि रंगमंचाकडं बघत राहिला. मागच्या दारापाशी तात्या टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "आज दीपक न्हाय का?" त्यांनी विचारलं. मी नुसती मान हलवली. तात्यांना कळलं. त्यांनी टोपी परत डोक्यावर घातलीच नाही, सिनेमा संपेपर्यंत तशीच धरून बसले. त्यानंतर काही महिन्यांनी मी निवृत्त झालो.

तर बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. रंगमंचाजवळच्या पट्ट्या काढून टाक, त्यांचं माप खोटं आहे. सगळ्यांत मागची आहे ती तेवढी राहू दे. तो तेवढा होता.